डोमेन कंट्रोलर एकमेकांशी बोलेनासे होतात तेव्हा काय तपासायचं

लक्षणं

डोमेन कंट्रोलर म्हणजे ऑफिसातल्या सगळ्यांची खाती आणि पासवर्ड सांभाळणारा विंडोज सर्व्हर. असे सर्व्हर आपसात बदल जुळवेनासे झाले की फोन बहुतेक वेळा असा येतो: "सर, नवा पासवर्ड माझ्या मशीनवर चालतोय, पण काउंटरवर गेलो की जुनाच लागतोय." किंवा हेड ऑफिसमध्ये काल तयार केलेला यूजर शाखेत दिसतच नाही. किंवा नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं खातं आठवड्यापूर्वी बंद केलं, तरी एका शाखेतून त्याचं लॉगिन अजून होतंय. ही तिसरी तक्रार आली की मी हातातलं काम बाजूला ठेवतो, कारण इथे गैरसोयीच्या पुढे जाऊन सुरक्षेचा प्रश्न उभा राहतो.

सर्व्हरसमोर बसलात तर आणखी खुणा दिसतात. ग्रुप पॉलिसी, म्हणजे सगळ्या मशीनना एकदम लागू होणारी सेटिंग्ज, एका ऑफिसात लागते, दुसऱ्यात लागत नाही. इव्हेंट व्ह्यूअरच्या डिरेक्टरी सर्व्हिस लॉगमध्ये १३११, १९२५, २०८७, २०४२ असे आकडे रांगेने लागलेले असतात. रेप्लिकेशनच्या, म्हणजे सर्व्हरमधले बदल एकमेकांकडे पोहोचवण्याच्या, कमांडमध्ये १७२२, ८५२४, ८६१४, ८६०६, ८४५१ असे एरर कोड येतात. सगळ्यात वाईट अवस्थेत सर्व्हर सुरूच होत नाही आणि निळ्या पडद्यावर सी००००२ई२ हा कोड येतो. म्हणजे ॲक्टिव्ह डिरेक्टरीला, खाती सांभाळणाऱ्या विंडोजच्या यंत्रणेला, स्वतःचा डेटाबेस उघडता आलेला नाही.

मी पतसंस्था, कॉलेजं आणि लहान कारखान्यांचे विंडोज सर्व्हर सांभाळतो. हा बिघाड मी इतक्या वेळा सोडवलाय की एक गोष्ट खात्रीने सांगतो: यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ डेटाबेसमध्ये नसतं. ते घड्याळात असतं, डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेत) असतं, नाहीतर फायरवॉलमध्ये. पण 'डेटाबेस एरर' हे शब्द दिसले की लोक थेट एनटीडीएस.डिट या डेटाबेसच्या फाइलच्या दुरुस्तीला लागतात आणि चांगला डेटाबेस हाताने खराब करतात. म्हणून खालचा क्रम मोडू नका. स्वस्त आणि निरुपद्रवी तपासण्या आधी, फाइलला हात सगळ्यात शेवटी. (कमांडची नावं इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत करा.)

हात लावण्याआधी

जो डोमेन कंट्रोलर, म्हणजे डीसी, चांगला वाटतोय त्याचा सिस्टम स्टेट बॅकअप, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जचा आणि डिरेक्टरीचा, घ्या. बिघडलेल्याचाही घ्या. मग चांगल्या डीसीवर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'रेपॲडमिन /रेप्लसमरी' चालवा. कोणता डीसी कोणाकडून किती वेळापासून बदल घेऊ शकलेला नाही आणि कोणत्या कोडने अडलाय, हे एका पानात दिसतं. हा आउटपुट फाइलमध्ये जतन करून ठेवा. दोन तासांनी 'काहीतरी सुधारलं का' हे ठरवायला हाच पुरावा लागतो.

इथे यंत्रणा कशी चालते ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढच्या तपासण्यांमागचं कारण कळेल. प्रत्येक डीसीकडे डिरेक्टरीची पूर्ण प्रत असते. त्याच्याकडे झालेल्या प्रत्येक बदलाला तो चढता क्रमांक देतो, त्याला यूएसएन म्हणतात. शेजारचा डीसी येऊन विचारतो, "तुझ्याकडचे अमुक क्रमांकापर्यंतचे बदल माझ्याकडे आहेत, पुढचे दे." बदल ढकलले जात नाहीत, ओढून घेतले जातात. म्हणून चूक शोधताना घेणाऱ्या बाजूने सुरुवात करायची.

बिघाड आहे की नुसता उशीर?

एकाच साइटमधले, म्हणजे एकाच जागेच्या वेगवान नेटवर्कमधले, डीसी काही सेकंदांत एकमेकांना बदल कळवतात. दोन साइट्समधल्या लिंकचं मूळ वेळापत्रक मात्र १८० मिनिटांचं असतं आणि ते जास्तीत जास्त १५ मिनिटांपर्यंतच खाली आणता येतं. म्हणजे सकाळी दहाला हेड ऑफिसात केलेला यूजर शाखेत दुपारी एकला दिसला, तर कुठेही बिघाड नाही. रेप्लसमरीमध्ये फेल्सच्या रकान्यात शून्य असेल आणि सगळ्यात मोठं अंतर तीन तासांच्या आत असेल, तर साइट्स अँड सर्व्हिसेस या टूलमध्ये जाऊन ती वेळ कमी करा आणि काम संपलं. या एका तपासणीने माझ्या कितीतरी चकरा वाचल्यात.

घड्याळ

आता खरे बिघाड. डीसी एकमेकांना ओळख पटवतात ती केर्बेरॉसने, आणि केर्बेरॉसला दोन मशीनच्या घड्याळांत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. फरक वाढला की समोरचा डीसी ओळखच नाकारतो. एरर कधी १३९८ येतो, कधी नुसता 'ॲक्सेस डिनाइड' म्हणून ५ येतो. तो ५ बघून लोक परवानग्या बदलत बसतात. परवानग्यांना हात लावण्याआधी घड्याळ बघा.

प्रत्येक डीसीवर 'डब्ल्यू३२टीएम /क्वेरी /सोर्स' चालवा. डोमेनमध्ये एकच डीसी बाहेरून वेळ घेतो. पीडीसी एम्युलेटर ही भूमिका डोमेनमध्ये एकाच डीसीकडे असते, ती ज्याच्याकडे आहे तो. बाकीच्यांनी डोमेनमधूनच वेळ घ्यायची. पीडीसी कोण ते 'नेटडॉम क्वेरी एफएसएमओ' सांगतं. एका ठिकाणी डीसी व्हर्च्युअल मशीनवर होता. होस्टच्या मदरबोर्डवरची बॅटरी मेली होती. रात्री लाइट गेली, यूपीएस उतरला, सकाळी होस्ट सुरू झाला तो चुकीची वेळ घेऊन, आणि त्याने तीच वेळ आतल्या डीसीला दिली. मी पोहोचलो तेव्हा डीसी ३७ मिनिटं मागे होता. बटणाएवढी बॅटरी बदलली, डीसीसाठी होस्टकडून वेळ घेण्याची सोय बंद केली, 'डब्ल्यू३२टीएम /रीसिंक' दिलं आणि पंधरा मिनिटांत रेप्लिकेशन सुरू झालं. तिथे आदल्या दिवशी कोणीतरी डेटाबेस दुरुस्तीचा भाव सांगून गेलं होतं.

पीडीसीला बाहेरचा स्रोत देताना एनआयसी (सरकारी संगणक केंद्र) किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा एनटीपी, म्हणजे वेळ पुरवणारा, सर्व्हर द्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांतही घड्याळं याच स्रोतांशी, किंवा त्यांच्याशी मेळ असलेल्या सर्व्हरशी, जुळवायला सांगितलंय.

जागा आणि सर्व्हिसेस

एनटीडीएस.डिट आणि तिच्या लॉग फाइल्स ज्या ड्राइव्हवर आहेत तिथे मोकळी जागा किती आहे ते बघा. जागा संपली की डेटाबेस इंजिन -१८०८ हा एरर देतं आणि लिहिणं थांबतं. जागा करायची म्हणून एनटीडीएस फोल्डरमधल्या ईडीबी नावाच्या लॉग फाइल्स उडवू नका. १० एमबीच्या या फाइल्स फालतू वाटतात, पण मशीन अचानक बंद पडलं असेल तर अर्धवट राहिलेले बदल त्यांच्यातूनच पूर्ण होतात. त्या गेल्या की डेटाबेस खरोखरच उघडत नाही. जागा करायची तर टेम्प, जुन्या अपडेट्स, कोणीतरी सर्व्हरवर टाकून ठेवलेले सेटअप उडवा.

मग सर्व्हिसेसच्या यादीत नेटलॉगऑन, डीएनएस, केडीसी (केर्बेरॉसची तिकिटं देणारी), विंडोज टाइम आणि डीएफएस रेप्लिकेशन चालू आहेत का ते पाहा. नेटलॉगऑनसमोर 'रनिंग' ऐवजी 'पॉज्ड' दिसलं तर तिला हाताने रिझ्यूम करू नका. ही विशिष्ट आजाराची खूण आहे, खाली यूएसएन रोलबॅकमध्ये येईल.

अँटिव्हायरसच्या वगळण्याच्या यादीत एनटीडीएस आणि सिसव्हॉल (ग्रुप पॉलिसीच्या फाइल्सचं) फोल्डरची रेप्लिकेशनसाठीची ठिकाणं आहेत का, हेही याच फेरीत बघून घ्या.

डीएनएस

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त बिघाड इथे सापडतात. एरर ८५२४ आला, किंवा इव्हेंट २०८७ आला, की डोळे झाकून इथे या.

डीसी शेजाऱ्याला त्याच्या साध्या नावाने शोधत नाही. प्रत्येक डीसीला एक लांबलचक जीयूआयडी, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक, असतो. त्या नावाची नोंद डीएनएसच्या अंडरस्कोर एमएसडीसीएस झोनमध्ये असते आणि ती शेजाऱ्याच्या खऱ्या नावाकडे बोट दाखवते. ती नोंद सापडली नाही की रेप्लिकेशन जागीच थांबतं. २०८८ आला असेल तर जीयूआयडीने शोध फसला, पण दुसऱ्या नावाने काम निभावलं, असा अर्थ. तो इशारा समजा आणि त्याच दिवशी दुरुस्त करा.

पहिली तपासणी दोन मिनिटांची. डीसीच्या नेटवर्क कार्डच्या प्रॉपर्टीज उघडा आणि डीएनएसचे दोन्ही रकाने वाचा. दुसऱ्या रकान्यात ८.८.८.८ (गूगलचा सार्वजनिक डीएनएस) किंवा राउटरचा पत्ता असेल तर चोर सापडला. इंटरनेट चालावं म्हणून कोणीतरी चांगल्या हेतूने तो टाकलेला असतो. रोज काही बिघडत नाही. मग एक दिवस पहिला डीएनएस सर्व्हर अपडेटनंतर उशिरा सुरू होतो, डीसी दुसऱ्या पत्त्यावर जाऊन तुमच्या आतल्या डोमेनची नोंद विचारतो, आणि तिथून 'असं नाव नाही' हे उत्तर येतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? नकार मिळाला की विंडोज पुन्हा पहिल्याला विचारत नाही, ते उत्तर खरं मानून चालतं. कार्डवर फक्त तुमचे डीसीच ठेवा. ८.८.८.८ ची जागा डीएनएस सर्व्हरच्या फॉरवर्डर्समध्ये, म्हणजे बाहेरची नावं जिथे विचारायची त्या यादीत, आहे.

त्यानंतर 'डीसीडायग /टेस्ट:डीएनएस' चालवा. नोंदी हरवल्या असतील तर नेटलॉगऑन सर्व्हिस रीस्टार्ट करा, ती आपल्या नोंदी पुन्हा लिहिते. डीसीला दोन नेटवर्क कार्डं असतील, एक बॅकअपसाठी वगैरे, तर त्या दुसऱ्या कार्डाचा पत्ता डीएनएसमध्ये नोंदला गेलाय का ते बघा. शाखेचा डीसी अशा पत्त्यावर जाऊन ताटकळत बसतो आणि एरर येतो १७२२, म्हणजे नेटवर्कचा वाटतो.

पोर्ट आणि फायरवॉल

नाव सापडतं, पिंगही जातो, तरी १७२२ किंवा १७५३. मग फायरवॉल. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. लोक ५३, ८८, ३८९ आणि ४४५ ही पोर्ट उघडतात आणि झालं समजतात. रेप्लिकेशन आरपीसीवर, म्हणजे एका मशीनने दुसऱ्याकडून काम करून घ्यायच्या पद्धतीवर, चालतं. ते आधी १३५ वर विचारतं आणि तिथून मिळालेल्या वरच्या पोर्टवर जातं. विंडोज सर्व्हर २००८ पासून ही वरची रेंज ४९१५२ ते ६५५३५ आहे. दोन ऑफिसांमधल्या व्हीपीएनमध्ये ही रेंज बंद असेल, तर पिंग कितीही जाऊ दे, रेप्लिकेशन होणार नाही. व्हीपीएनचं उपकरण बदललं किंवा इंटरनेटची कंपनी बदलली त्याच आठवड्यात तक्रार सुरू झाली असेल, तर आणखी पुरावा शोधू नका.

रीस्टार्टनंतरच बिघडत असेल, तर डीसीच्या नेटवर्कची प्रोफाइल बघा. कधीकधी ती डोमेनऐवजी पब्लिक होऊन बसते आणि विंडोजची स्वतःचीच फायरवॉल दारं लावते. नेटवर्क कार्ड बंद करून चालू केलं की ती बहुतेक वेळा जागेवर येते. सर्व्हरसमोर बसून करा. रिमोटवरून कार्ड बंद केलंत तर गाडी काढून शाखेत जावं लागेल.

डीसीचा स्वतःचा पासवर्ड

डीसीच्या मशीन खात्यालाही पासवर्ड असतो. जुन्या बॅकअपवरून डीसी उठवला, किंवा तो बराच काळ तुटलेला राहिला, तर हा पासवर्ड दोन्हीकडे वेगळा होतो. तेव्हा 'टार्गेट प्रिन्सिपल नेम इज इनकरेक्ट' असा मजकूर येतो, कोड -२१४६८९३०२२. बिघडलेल्या डीसीवर केडीसी सर्व्हिस बंद करून स्टार्टअप मॅन्युअल करा, 'नेटडॉम रीसेटपीडब्ल्यूडी' कमांडमध्ये चांगल्या डीसीचं नाव देऊन पासवर्ड नव्याने बसवा, मशीन रीस्टार्ट करा आणि केडीसी पुन्हा ऑटोमॅटिकवर टाका. केडीसी बंद करायचं कारण असं की तसं केल्याशिवाय हा डीसी स्वतःकडूनच, म्हणजे चुकीच्या प्रतीवरून, तिकीट घेत राहतो.

इथपर्यंतचं सगळं एखाद्या सावध सिस्टम ॲडमिनने स्वतः करावं. पुढचं करताना दोन गोष्टी हाताशी हव्यात: किमान एक निरोगी डीसी आणि तपासलेला बॅकअप. यातलं एक जरी नसेल तर इथेच थांबा आणि हे काम आधी केलेल्या माणसाला बोलवा.

फार दिवस तुटलेला डीसी

डिरेक्टरीतून काही डिलीट केलं की ते लगेच नाहीसं होत नाही. 'हे मेलं' अशी खूण ठरावीक काळ ठेवली जाते, म्हणजे सगळ्या डीसींना ती बातमी पोहोचते. हा काळ हल्लीच्या डिरेक्टरींमध्ये १८० दिवसांचा आहे. विंडोज २००० किंवा २००३ च्या काळात उभारलेली आणि पुढे अपग्रेड होत आलेली डिरेक्टरी असेल तर तो ६० असू शकतो. हा काळ ज्यात लिहिलेला असतो ते टूम्बस्टोन लाइफटाइम हे ॲट्रिब्यूट रिकामं दिसलं तर ६० च समजा.

एका पतसंस्थेत शाखेचं नूतनीकरण चाललं होतं. सर्व्हर खोक्यात घालून माळ्यावर ठेवला आणि सात महिन्यांनी उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी जोडला. त्या काळात हेड ऑफिसात डिलीट केलेल्या खात्यांच्या खुणाही पुसल्या गेल्या होत्या. या डीसीला त्या मृत्यूची बातमी आता कोणीच देऊ शकत नव्हतं, त्याच्याकडे ती खाती जिवंतच होती. हेड ऑफिसच्या डीसीने ८६१४ देऊन आणि इव्हेंट २०४२ नोंदवून त्याच्याशी बोलणं थांबवलं. ते योग्यच होतं.

२०४२ च्या मजकुरातच एक रजिस्ट्री व्हॅल्यू सुचवलेली असते, जिच्याने तुटलेल्या डीसीशी रेप्लिकेशन जबरदस्तीने चालू करता येतं. ती आधी लावू नका. लावलीत तर जुनी खाती सगळीकडे परत जिवंत होण्याचा धोका असतो. आधी 'रेपॲडमिन /रिमूव्हलिंगरिंगऑब्जेक्ट्स' ही कमांड '/ॲडव्हायझरी_मोड' लावून चालवा. ती काहीही पुसत नाही, फक्त काय पुसलं जाईल त्याची यादी इव्हेंट १९४६ मध्ये देते. यादी वाचा, पटली तर तो शब्द काढून पुन्हा चालवा. ८६०६ आणि इव्हेंट १९८८ यांच्यावरही हाच उपाय.

एखादा डीसी सहा महिने बंद होता, तर माझं स्पष्ट मत आहे की साफसफाईत वेळ घालवू नका. त्याला नेटवर्कपासून तोडा, जबरदस्तीने डिमोट करा (डीसीची भूमिका काढा), चांगल्या डीसीवरून त्याचा मेटाडेटा (उरलेल्या नोंदी) काढा आणि नव्याने प्रमोट करा (पुन्हा डीसी बनवा). त्या पतसंस्थेत मी तेच केलं आणि रात्री साडेअकराला शाखेत लॉगिन चालू झालं.

यूएसएन रोलबॅक

कोणी डीसीच्या डिस्कची जुनी इमेज परत टाकली की डीसी मागच्या तारखेला जातो आणि तेच क्रमांक दुसऱ्या बदलांना पुन्हा द्यायला लागतो. शेजारी म्हणतात, "या क्रमांकापर्यंतचं आमच्याकडे आहेच," आणि नवे बदल घेतच नाहीत. रेप्लसमरी निर्मळ दिसू शकते, डेटा मात्र वेगळा होत जातो. विंडोजच्या ध्यानात आलं तर इव्हेंट २०९५ येतो, नेटलॉगऑन पॉज होते आणि ८४५६ किंवा ८४५७ कोड दिसतात. विंडोज सर्व्हर २०१२ पासून व्हर्च्युअल मशीनच्या स्नॅपशॉटपुरतं संरक्षण आहे, तेही होस्टला त्याची सोय असेल तरच. डिस्कच्या इमेजला ते लागू नाही.

इथे दुरुस्ती नसते. 'डीएसए नॉट रायटेबल' ही रजिस्ट्री व्हॅल्यू पुसून गाडी पुढे ढकलायचा सल्ला ऐकलात तर मानू नका, त्याने फक्त आजार झाकला जातो. डीसी काढून नव्याने बसवा.

शेवटी डेटाबेस

आता फाइल. ८४५१ आणि त्याच्याबरोबर इव्हेंट १०८४ किंवा २१०८, किंवा ४६७, ४७४ हे आकडे असतील, तर डेटाबेसवर संशय घ्यायला आधार आहे.

४७४ बरोबर -१०१८ असेल तर आधी डिस्क. डेटाबेसचं प्रत्येक पान चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, घेऊन लिहिलं जातं. -१०१८ म्हणजे लिहिलं एक आणि वाचताना मिळालं दुसरं. हे जवळजवळ नेहमी डिस्क, केबल, रेड कंट्रोलर (अनेक डिस्क एकत्र चालवणारं कार्ड) किंवा त्याची बॅटरी यांचं काम असतं. सिस्टम लॉगमध्ये डिस्क ७ किंवा एनटीएफएस ५५ शोधा, कंट्रोलरचा लॉग काढा. खराब डिस्कवर डेटाबेस दुरुस्त करणं म्हणजे गळक्या टाकीत पाणी भरणं.

डिस्क ठीक असेल तर ॲक्टिव्ह डिरेक्टरीची सर्व्हिस थांबवा, किंवा मशीन डीएसआरएम या डिरेक्टरी दुरुस्तीच्या मोडमध्ये सुरू करा. त्या मोडचा पासवर्ड वेगळा असतो आणि तो सर्व्हर बसवणाऱ्यालाच माहीत असतो. तो माहीत नसेल तर सर्व्हर चालू असतानाच, आजच, एनटीडीएसयूटिल या टूलमधून नवा देऊन ठेवा.

एनटीडीएस फोल्डरची कॉपी दुसऱ्या डिस्कवर काढा. मग एनटीडीएसयूटिलमध्ये 'ॲक्टिव्हेट इन्स्टन्स एनटीडीएस', 'फाइल्स', 'इंटिग्रिटी'. मशीन अचानक बंद पडलं असेल आणि हेडरमध्ये 'डर्टी शटडाउन' दिसत असेल, तर 'रिकव्हर' लॉगमधून बदल पूर्ण करून देतं. इंटिग्रिटी पास झाली तर 'सिमँटिक डेटाबेस ॲनालिसिस'मध्ये आधी नुसतं 'गो', अहवाल वाचून मग 'गो फिक्सअप'. नुसता इंडेक्स खराब असेल, म्हणजे ४६७, तर 'कॉम्पॅक्ट टू' देऊन नवी फाइल करा. त्यात इंडेक्स नव्याने बांधले जातात. नवी फाइल जागेवर ठेवल्यानंतर जुने लॉग काढावे लागतात. लॉगला हात लावायची वेळ फक्त हीच, आणि जुनी फाइल आठवडाभर तरी जपून ठेवा.

'ईसेंटयूटीएल /पी' ही कमांड मी वापरत नाही. ती न जुळणारी पानं टाकून देते. फाइल उघडते, पण कोणत्या खात्याचं काय गेलं ते कळायला मार्ग राहत नाही. दुसरा निरोगी डीसी असेल तर ती चालवायचं कारणच नाही: बिघडलेला काढा, नवा प्रमोट करा, डेटा शेजाऱ्याकडून आपोआप येतो. गेलेल्या डीसीकडे एफएसएमओ भूमिका, म्हणजे पीडीसीसारख्या एकाच डीसीकडे असणाऱ्या जबाबदाऱ्या, असतील तर त्या चांगल्याकडे ओढून घ्या आणि त्यानंतर जुन्याला पुन्हा कधीही नेटवर्कवर आणू नका.

यापुढे स्वतः करू नका

डीसी एकच आहे आणि इंटिग्रिटी फेल झाली. सगळ्याच डीसींवर २०९५ किंवा ८४५१ येतोय. स्कीमा (डिरेक्टरीची रचना) जुळत नसल्याचा ८४१८ कोड निघत नाही. किंवा फाइल्सची नावं बदललेली दिसतायत, अनोळखी ॲडमिन खाती तयार झालीयत. यातलं काहीही असेल तर कीबोर्डवरून हात काढा. शेवटच्या प्रकारात तर सर्व्हर बंदही करू नका, फक्त नेटवर्कची केबल काढा, म्हणजे मेमरीतला पुरावा राहील.

ज्याला बोलवाल त्याच्यासाठी चार गोष्टी तयार ठेवा: सुरुवातीची जतन केलेली रेप्लसमरी, प्रत्येक डीसीचा डिरेक्टरी सर्व्हिस लॉग, शेवटच्या चांगल्या सिस्टम स्टेट बॅकअपची तारीख, आणि बिघाड सुरू झाल्यापासून कोणी काय केलं त्याची वेळेसकट यादी. बॅकअपची तारीख टूम्बस्टोनच्या मुदतीपेक्षा जुनी असेल तर तेही आधीच सांगा. तसा बॅकअप उपयोगाचा नसतो आणि कामाची आखणीच मग वेगळी करावी लागते.